रंग काढलेले पक्षी

पक्ष्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, उगाच पुढे गैरसमज नको. आठवडाभर बेलापूरच्या सरकारी कचेरीत फायली उपसायच्या, घरी येऊन कुकर लावायचा, आणि रविवारी सकाळी जरा कुठे डोळा लागतोय तोवर नवरा खांद्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवून उशाशी उभा. "येतेस का खाडीवर?" खाडीवर काय डोंबल असायचं? चिखल. चिखलात काड्यांसारखे पाय आणि त्या पायांवर पक्षी. त्यातला एखादा उडाला की हा माणूस माझा हात घट्ट दाबायचा. मी म्हणायचे, "बघितला. आता चहा पिऊ या का?"

तरी जायचे. स्कूटरवर मागे बसायचे आणि बसल्या जागेवरून तोंड चालू ठेवायचे. खड्डा आहे, हळू घे, तो रिक्षावाला वळतोय बघ. "स्कूटर मी चालवतोय का तू?" तो विचारायचा. आम्ही पनवेलच्या कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमचं अरे-तुरेच चालायचं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खुपलं.

नवरा तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होता. फोटो काढायचा ते स्लाइडवर. तेव्हा रंगीत फोटोचे रोल सगळेच वापरायचे, पण याला स्लाइडच हवी. स्लाइड म्हणजे पारदर्शक रंगीत फिल्मचा एवढासा तुकडा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. उजेडासमोर धरला की आतला पक्षी खाडीवर दिसला होता त्याच रंगात दिसतो. माझ्या साड्यांच्या खालचा कप्पा या स्लाइडच्या डब्यांनी भरलेला होता. साडी काढायला गेलं की आधी बगळे हलवायचे. त्यावरून आमची नेमाने भांडणं व्हायची, आणि तेव्हा मला वाटायचं, संसारात याहून मोठी कटकट ती काय असणार.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्याचे डोळे बिघडले. सुरुवात लॅबमध्ये झाली. तिथे एक नेहमीचं काम असायचं, टायट्रेशनचं, बारावीला सायन्स घेतलेल्यांना आठवत असेल. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं, आणि खालच्या भांड्यातलं स्वच्छ पाणी जरासं गुलाबी झालं की थांबायचं. अगदी फिक्कट गुलाबी. तो गुलाबी ओळखण्यात हा पटाईत होता. एक दिवस हा थेंब सोडतोय, सोडतोय, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अहो, कधीच झालं की. गडद व्हायला लागलं." घरी येऊन त्याने हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. त्याच आठवड्यात तो फ्लेमिंगोंची एक स्लाइड खिडकीशी धरून उभा होता. ते पक्षी तेव्हा आमच्याकडे नुकते येऊ लागले होते, आणि त्याने कमरेपर्यंतच्या चिखलात उभं राहून ते फोटो काढले होते. म्हणाला, "हे असे राखाडी कसे आले गं? फिल्म खराब निघाली वाटतं." मी बघितलं. चांगले गुलाबी होते. पंखांच्या आत तर लालभडक.

मग डॉक्टर झाले. एक झाले, दुसरे झाले. दुसऱ्याने नीट समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग सुकत चाललाय, चष्म्याने उपयोग नाही, ऑपरेशनही नाही. आधी रंग जातात, मग मधलं बारीक दिसणं जातं, कडेचं राहतं. मीच विचारलं, "आहे तिथे थांबेल का?" डॉक्टर म्हणाले, "थांबूही शकतं." एवढे दोन शब्द घेऊन आम्ही घरी आलो. त्यानंतर मला देवाकडे दुसरं काही मागायचंच नव्हतं. बरं नको होऊ दे, आहे तिथे थांबू दे.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती, की पांढऱ्यावर ठळक काळं असलं तर त्यांना बरं दिसेल. मी लगेच मार्कर आणून मीठ, साखर, रवा सगळ्या डब्यांवर बोटाएवढी अक्षरं काढली. घर बालवाडीसारखं दिसायला लागलं. नवरा डब्यांकडे बघत होता, आणि एकदम म्हणाला, "माझ्या स्लाइड ब्लॅक-अँड-व्हाइट करता येतील. मोठ्या. रंग तसेही मला कळत नाहीत, निदान पक्षी तरी दिसतील."

"कोण करणार?"

"तू. मला आता फोकस जमत नाही. तू कोथिंबीर बारीक चिरतेस, तुला जमेल."

कोथिंबिरीचा आणि फोटोचा काय संबंध, हे त्याला त्या वेळी विचारायला हवं होतं. पण तो कितीतरी दिवसांनी काहीतरी मागत होता.

पनवेलला एक जुना फोटो स्टुडिओ होता. मालक मूळचे उरणकडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. रंगीत लॅब गल्लोगल्ली झाल्यापासून त्यांची डार्करूम बंद पडली होती. फोटो मोठा करून कागदावर पाडायचं मशिन, एन्लार्जर, जुन्या चादरीखाली उभं होतं. चाचा म्हणाले, "घेऊन जा भाभी. इथे नुसती धूळ खातंय, माझा मुलगा त्याच्यावर हेल्मेट ठेवतो." आणि शनिवारी हाफ डे असला की मी कचेरीतून थेट त्यांच्याकडे शिकायला जायला लागले.

काम वाटतं तेवढं सरळ नव्हतं. स्लाइड तशीच मशिनमध्ये घालून कागदावर पाडली तर सगळं विपरीत येतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, बगळ्याचा कावळा. म्हणून आधी त्या स्लाइडचा ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मवर फोटो घ्यायचा. ती फिल्म धुवायची. मग तिच्यावरून मोठ्या कागदावर छापायचं. आणि खरी मारामारी पुढेच. रंग दिसतो तोवर गुलाबी पक्षी आणि राखाडी चिखल वेगळे असतात. रंग काढून घेतला की दोघं एकसारखे. माझा पहिला फ्लेमिंगो असा चिखलात विरघळून गेला, की मी स्वतःच शोधत बसले. चाचांनी मग लाल जिलेटिनचा कागद दिला. तो कॅमेऱ्यापुढे धरला की गुलाबी पक्षी पांढरा होतो आणि मागचं निळं पाणी काळं पडतं. खंड्याला वेगळा कागद, हिरव्या पोपटाला वेगळा. प्रत्येक पक्ष्याची खोड वेगळी. मला वाटलं, सासर एक होतं ते बरं होतं.

आणखी एक गोष्ट चाचा दर वेळी बजावायचे. स्लाइडला एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. "चकचकीत बाजू तुमच्याकडे, भाभी. उलटी लावली तर डावं उजवीकडे जाईल. फोटो छान येईल, पण खोटा येईल."

डार्करूम म्हणजे आमची बाथरूम. दार बंद, खिडकीला काळं प्लास्टिक, त्यावर गोधडी, बादल्यांच्या जागी तीन ट्रे. मधल्या ट्रेतल्या व्हिनेगरसारख्या वासाने डोकं भणभणायचं. रविवारी जेवणं उरकली की मी आत शिरायची. त्यात पारसिकच्या डोंगरात खाणी. दुपारी सुरुंग लागले की आमच्या सोसायटीतली भांडी वाजायची आणि इकडे एन्लार्जर थरथरायचा. ऐन वेळी सुरुंग झाला तर पक्षी हललाच म्हणून समजा. खाणीचा भोंगा ऐकू आला की मी हात थांबवून लाल दिव्यात बसून राहायची, धडामधुडुम संपेपर्यंत. पाणी संध्याकाळी यायचं, तेव्हा फोटो धुऊन व्हायचे. तोवर कोणाला आंघोळ लागलीच तर शेजारी. शेजारीण म्हणाली, "वहिनी, तुमच्या बाथरूममध्ये नक्की चाललंय तरी काय?" मी म्हटलं, "पोल्ट्री."

कंटाळा यायचा. खरं सांगते, फार कंटाळा यायचा. आठवडाभर कचेरी, त्यात याचं औषधपाणी, आणि एकुलत्या रविवारी गुडघे मोडून मोरीत बसायचं. कितीदा वाटलं, हे सगळे पक्षी एका झटक्यात उडून जावेत आणि मला झोपू द्यावं.

पण पहिला नीट फोटो निघाला तो खंड्याचा. तपकिरी डोकं काळं आलं होतं, आणि मधे छाती पांढरीशुभ्र. मी ओला फोटो तसाच बाहेर आणला. नवरा फोटोकडे सरळ बघायचा नाही. मधलं दिसत नसल्यामुळे तो नजर जरा बाजूला टाकायचा, कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं फोटोशेजारच्या भिंतीकडे बघतोय. बराच वेळ बघून म्हणाला, "छाती दिसली." मग म्हणाला, "दिसली गं, खरंच दिसली." त्या दिवशी तो पोटभर जेवला. मला इतका आनंद झाला की मी पुढच्या रविवारच्या चार स्लाइड स्वतः निवडल्या.

असे महिने गेले. बाल्कनीत कपड्यांच्या चिमट्यांना पक्षी वाळत असायचे. दिवाळे गावाच्या कोळीवाड्यातली मासेवाली मावशी दारात टोपली उतरवायची आणि आधी त्यांच्याकडे बघायची. "अगो बाय, ही तं आमच्या खारीतली पाखरां. गुलाबी व्हती ना ती? रंग का कारलास गो त्यांचा?" मी म्हणायची, "यांना दिसावं म्हणून." तिला ते काही पटायचं नाही. रंग काढला की जास्त दिसतं, हे कोणालाच पटत नसे. बोंबील मात्र जास्तीचे घालायची.

माझा हात बसत गेला. आधी नुसतं काळं आणि पांढरं निघायचं, मग त्यात पिसं दिसायला लागली. घारीच्या पंखाखालची जाळी. पाणकावळ्याच्या ओल्या पंखांची चमक. चाचा फोटो हातात घेऊन उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "माशाल्ला. मला स्वतःला इतकं जमलं नव्हतं." पण ते एकदा हळूच असंही म्हणाले, "भाभी, फार मऊ करू नका. त्यांना दिसायला कडक पाहिजे ना, निव्वळ काळं-पांढरं?" मी म्हटलं, "त्याला सगळं दिसतं, चाचा."

आणि खरंच तसंच वाटत होतं. दर रविवारी संध्याकाळी मी ताजा फोटो त्याच्या हातात द्यायची. कुठली स्लाइड केली ते मीच आधी सांगायची, "ही उरणची घार", "ही पाणथळीतली चित्रबलाकाची जोडी". तो नजर बाजूला टाकून बघायचा आणि सांगायला लागायचा. "ही मादी बघ, जरा मागे आहे. नराने चोच उघडली आहे. शेपटीशी लव्हाळ्याची काडी आलीय, तेव्हाच मला वाटलं होतं." सगळं बरोबर. एक काडी चुकायची नाही. मला वाटायचं, थांबलं बाई. डॉक्टर म्हणाले होते ना, थांबूही शकतं. तपासणीची पुढची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "दिसतंय ना मला? तिथे जाऊन तेच बल्ब डोळ्यांत मारून घ्यायचे. कशाला उगाच टेन्शन?" मलाही रजा काढायची नव्हती. आम्ही पुढे ढकललं. परत पुढे ढकललं. कंपनीत त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी गुलाबी झालं की नुसता खाकरायचा, तेवढ्यावर त्याचं काम चाललं होतं. मला मागे बसवून स्कूटरही चालवत होता.

मग तो फ्लेमिंगोचा रविवार आला. एकच पक्षी, उथळ पाण्यात एक पाय वर घेऊन उभा, आणि मागे लांबवर कोळ्यांची होडी. ही स्लाइड मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती त्याची सगळ्यात लाडकी. माझा हात नीट बसल्याशिवाय तिला शिवायचंच नाही असं ठरवलं होतं. लाल कागद लावून फिल्म घेतली होती. दुपारी सुरुंगांनी दोन कागद वाया घालवले, तिसरा असा काही निघाला की मी मोरीतल्या मोरीत स्वतःशीच "वा" म्हणाले. पांढरा पक्षी, काळं पाणी, आणि पाण्यात पडलेलं त्याचं थरथरतं पांढरं. आयुष्यात माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं काम असेल.

तो बाल्कनीत खुर्चीवर बसला होता. अजून चांगलं ऊन होतं. मी फोटो हातात दिला आणि म्हटलं, "तुझा लाडका. एकपायी."

त्याने तिरकं बघितलं. चेहरा खुलला. "क्या बात है. अगं पाणी बघ कसं काळं काढलंस. आणि उजव्या कोपऱ्यातली होडी. होडीमुळेच फोटो आहे हा. नाहीतर नुसता पक्षी. पक्षी डावीकडे बघतोय आणि होडी उजवीकडे, दोघांचं जमत नाही एकमेकांशी."

मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. होडी डाव्या कोपऱ्यात होती. पक्षी उजवीकडे बघत होता.

मला वाटलं, डावं-उजवं बोलताना गोंधळला. मी आत गेले, स्लाइड आणली, आभाळासमोर धरली. स्लाइडमध्ये होडी उजवीकडे होती. म्हणजे फिल्म घेताना मी स्लाइड उलटी लावली होती. चकचकीत बाजू पलीकडे. इतके महिने चाचांचं ऐकून नेमकी आज माती खाल्ली. मला माझाच असा राग आला, एवढा सुंदर फोटो आणि खोटा, आता परत पहिल्यापासून फिल्म, परत धुणं. मी "अरे देवा" म्हणाले. तो म्हणाला, "काय झालं?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोत होडी डावीकडे आहे. हा सांगतोय उजवीकडे. मग हा बघतोय काय?

मी खाली लादीवर बसले. म्हणाले, "होडीवर किती माणसं आहेत रे?"

"दोन," तो लगेच म्हणाला. "एक उभा, एक वाकलेला."

"बोट ठेव. होडीवर बोट ठेव."

त्याने बोट उचललं, फोटोच्या उजव्या कोपऱ्यावर नेलं. तिथे काळं पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. माझ्या गप्प राहण्यावरूनच त्याला काय ते कळलं असणार. बोट त्याने तिथेच ठेवलं.

"मी स्लाइड उलटी लावली होती," मी म्हटलं. "फोटो उलटा आलाय. होडी डावीकडे आहे."

मग मी बोलत सुटले. त्या दिवशी मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. खोटारडा म्हणाले. माझे सगळे रविवार खाल्लेस म्हणाले. गुडघे गेले माझे, हाताची सालं निघाली केमिकलने, कुणासाठी? खाली सोसायटीतली पोरं खेळायची थांबून वर बघायला लागली. मी कधी आवाज चढवला की तो निदान "हळू" म्हणायचा. तेव्हा तेही म्हणाला नाही. आणि बोलता बोलता मला स्कूटर आठवली. मागे बसून मी बोलत असायचे, खड्डा आहे, हळू, रिक्षा वळतेय, आणि मला वाटायचं ही माझी सवय. हल्ली कितीतरी दिवसांत त्याने "स्कूटर मी चालवतोय का तू" म्हटलेलंच नव्हतं. मी एक दिवस गप्प बसले असते तर? मी थांबले ती त्यामुळे.

बऱ्याच वेळाने मी आत जाऊन सगळे फोटो आणले आणि पलंगावर ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने ओळीने मांडले. पहिला खंड्या उशीकडे, शेवटचा फ्लेमिंगो पायथ्याशी. त्याला हाताला धरून आणलं. प्रत्येक फोटोवर त्याचा हात ठेवला आणि कुठला ते सांगितलं. "खरं सांग. हा दिसला होता?"

"खंड्या दिसला होता. शप्पथ. छाती दिसली होती."

"बगळा?"

"हो."

"शेकाट्या?"

"पाय दिसले. चोच नाही."

"घार?"

"घार म्हणजे नुसतं मोठं काळं काहीतरी होतं. मला वाटलं दुपारची वेळ आहे, डोळे दिपले असतील. म्हणून म्हटलं दिसली."

"आणि त्यानंतरचे?"

त्याने मान हलवली. घारीच्या पुढे अर्धा पलंग होता. पाणकावळ्याची चमक, चित्रबलाकाची जोडी, त्यांची पिसं. चाचांनी माशाल्ला म्हटलेले सगळे फोटो घारीच्या पुढचे होते. माझा हात सुधारायला आणि त्याची नजर जायला एकच वेळ लागला होता. चांगलं म्हणावं असं मी जे काही केलं, त्यातलं एकही त्याने बघितलेलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आता आवाजात दम राहिला नव्हता.

"तू खूश होतीस. दर रविवारी बाहेर यायचीस ती उड्या मारत. मी दिसत नाही म्हटलं असतं तर तू बंद केलं असतंस, आणि मग खरंच संपलं असतं. तू देत होतीस तोवर मला वाटायचं, पुढचा दिसेल."

मी फोटो गोळा केले.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीत सांगितलं. मी बरोबर गेले होते, रिक्षाने. त्यांनी त्याला लॅबमधून काढून फोनच्या टेबलावर बसवलं, पुढे तेही सुटलं. स्कूटर पुतण्या घेऊन गेला. बाथरूम परत बाथरूम झाली, शेजारीण म्हणाली बरं झालं. मी रविवारी दुपारी झोपायला लागले. पडून राहायचे म्हणा. सुरुंगाचा भोंगा झाला की मी नकळत श्वास धरायची.

पावसाळा सरता सरता एका रविवारी मी भांडी घासून आले तर तो कपाटाशी होता. साड्यांखालून त्याने फोटोंचा गठ्ठा काढला होता. सगळ्यात वरचा त्याने माझ्यापुढे धरला.

"हा कुठला आहे?"

"फ्लेमिंगो. तोच तो उलटा."

"सांग ना मला," तो म्हणाला. "काय आहे त्यात ते सांग."

"तुला पाठ आहे की."

"मला माझा पाठ आहे. तू केलेला मी बघितलेला नाही."

मी दमले होते. हात ओले होते. पदराला पुसले आणि त्याच्याशेजारी टेकले. पक्ष्यांबद्दल कसं बोलतात ते मला येत नव्हतं, आजही येत नाही. मी म्हटलं, "पाणी काळं आहे. अगदी तव्यासारखं. त्यात हा उभा आहे, पांढरा. मान खाली घातलीय आणि कसला तरी विचार केल्यासारखा थांबलाय. पाण्यात त्याचं पांढरं पडलंय, ते जरा हलतंय. चोचीच्या टोकाला एक थेंब आहे."

"थेंब आहे?" त्याने मान वळवली. "थेंब मला कधीच दिसला नव्हता. स्लाइडमध्येही नाही."

"आहे. छापताना मला दिसला."

"आणि पाय कुठला वर घेतलाय?"

मी बघितलं. "डावा," म्हटलं. मग आठवलं फोटो उलटा आहे. "नाही, थांब. उजवा. उजवा वर घेतलाय."

"नक्की?"

"अरे, मी बघतेय ना!" मी खेकसले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्यापुढे मला रडू फुटलं. त्याने हाताने चाचपून फोटो माझ्या मांडीवरून बाजूला केला, ओला होऊ नये म्हणून.